पैसेवालाच जिंकणार का? वाचकांचे रेसिंगचे प्रश्न

मागच्या अंकात हौशी रेसिंग, रॅली, कार्टिंगवर प्रश्न पाठवा असं लिहिलं होतं. मला वाटलं कुठलं ऑइल, कुठला टायर असलं काहीतरी येईल, पण निम्म्याहून जास्त मेल एकाच गोष्टीवर, की हा सगळा पैसेवाल्यांचा खेळ आहे ना, मग आपण तिथे जाऊन करायचं काय. त्यातले काही निवडलेत. नावं मुद्दाम छापली नाहीत, कारण एकदोघांनी थेट प्रतिस्पर्ध्यांवर आरोप केलेत आणि हे सर्कल फार छोटं आहे, उद्या परत त्याच पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसच्या गाड्या लावून तयार करतात त्या जागेत, एकमेकांकडून पाना मागायचाय.

कोल्हापूरहून: दादा, आम्ही सात-आठ मित्र भाड्याच्या गो-कार्टवर रेस लावतो. माझं वजन ८८ किलो आणि कायम जिंकतो त्याचं ५८. वर एक कार्ट हमखास फास्ट असते, ती पण त्यालाच मिळते. मी काही वाईट चालवत नाही. हे फेअर आहे का?

नाहीये. हिशोबच करू ना. भाड्याची कार्ट बंपर-बिंपर धरून १६० किलोची समज. तो बसला की २१८, तू बसलास की २४८. म्हणजे तेच नऊ-एक घोड्यांचं इंजिन तुझ्या वेळेला जवळपास १४ टक्के जास्त ओझं ओढतंय. सरळ रस्त्याच्या शेवटी हे एवढं जाणवत नाही, पण हेअरपिनमधून, म्हणजे यू-टर्नसारख्या वळणातून, बाहेर निघताना जाणवतं, आणि भाड्याच्या ट्रॅकवर दर दहा सेकंदाला एक हेअरपिन असतो! फॉर्म्युला वनमध्येसुद्धा उंच ड्रायव्हर उपाशी राहून वजन उतरवायचे, शेवटी २०१९ ला ड्रायव्हर आणि सीट मिळून किमान ८० किलो असा नियम आला, कमी भरलं तर तेवढं वजन सीटपाशी लावायचं. म्हणजे तिथल्या लोकांना जे कळायला इतकी वर्षं लागली ते तुला कोल्हापुरात बसून कळलंय.

उपाय साधा आहे. ट्रॅकवाल्याकडे बॅलास्टची सोय असेल, म्हणजे सीटला लावायच्या वजनाच्या प्लेटा, तर वजनकाटा आणा आणि हलक्या लोकांना वजन लावा. सोय नसेल तर सॅकमध्ये डंबेल घालून बसवणं वगैरे आचरटपणा करू नका, टक्कर झाली की ते डंबेल बरगड्यांतच जाणार. त्यापेक्षा दोन ग्रुप करा, ७५ किलोच्या वरचे आणि खालचे, प्रत्येक ग्रुपचा वेगळा निकाल. कार्टसाठी चिठ्ठ्या टाका, एका लांब रेसच्या जागी दोन छोट्या हीट, म्हणजे फेऱ्या, लावा, आणि पहिल्या हीटमध्ये ज्याला फास्ट कार्ट मिळाली त्याला दुसऱ्यात सगळ्यात मरतुकडी द्या. दोन्हीचे पॉइंट मिळवायचे. जास्तीचा खर्च शून्य.

आणि हे सगळं करूनही तोच जिंकला तर मग त्याच्या मागे लागून तो ब्रेक कुठे मारतो ते बघ. तुमच्या कोल्हापुरात कार्टिंगमधून सुरुवात करून नॅशनलला फॉर्म्युला कार चालवणारी पोरं निघालीत, शिकवणारं कोणीतरी सापडेलच.

पुण्याहून: माझ्याकडे साधी पेट्रोल हॅचबॅक आहे, मॉडिफाय केलेली नाही. नोकरी आयटीत, इएमआय चालू आहे. कॉम्पिटिशन करायचीय पण घर विकायचं नाहीये. किती खर्च येतो आणि कुठून सुरुवात करू?

आकडा सांगत नाही, कारण एंट्री फी आणि लायसन्सची फी दरवर्षी बदलते आणि लोक तो जुना आकडा घेऊन माझ्याशी भांडतात. पण पैसा कुठे जातो ते सांगतो, कारण नवीन माणूस फक्त एंट्री फी धरतो आणि तिथेच फसतो.

एक म्हणजे प्रवास. आपल्याकडचे जुने पर्मनंट सर्किट बघ, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा १९९० चा, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २००३ चा, आणि नोएडाचा बुद्ध २०११ चा. पुण्यातून यातलं कुठलंही हजार-बाराशे किलोमीटरच्या घरात किंवा त्याहून लांब. आता तळेगावकडे नाणोलीला छोटा ट्रॅक झालाय, त्याने सराव जवळ आला हे खरं, पण नॅशनलच्या राउंडसाठी अजूनही दक्षिणेला जावंच लागतं. गाडी टोइंगवर न्यायची, मेकॅनिक न्यायचा, त्याचं जेवण-खाण-हॉटेल, तुझ्या सुट्ट्या. दुसरं अंगावरचं सामान. रस्त्यावरचं आयएसआय हेल्मेट कार रेसिंगला चालत नाही, एफआयए किंवा स्नेल एसए या रेसिंगच्या मानकांचं लागतं, वर आग न लागणारा सूट, ग्लोव्ह्ज, बूट, मान वाचवणारं हान्स नावाचं उपकरण, हे सगळं नवीन घेतलं की लाखाच्या आसपास सहज जातं. यात बचत करू नकोस. सूट एकवेळ भाड्याने घे, पण हेल्मेट कोणाचं पडलेलं-आपटलेलं घेऊ नकोस. तिसरं टायर आणि ब्रेक पॅड. आणि चौथं, ज्याचं कोणी नाव घेत नाही, ठोकलीस तर काय. तुझ्या पॉलिसीचा कागद काढून वाच, 'लिमिटेशन्स अॅज टू यूज' म्हणून एक परिच्छेद असतो, त्यात ऑर्गनाइझ्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल (गाडी किती टिकते ते बघायची स्पर्धा) हे सगळं कव्हरच्या बाहेर असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे रोज ऑफिसला जायची, इएमआय चालू असलेली गाडी ट्रॅकवर आपटली तर हप्ते तूच भरणार आणि बसने जाणार.

म्हणून तुझ्यासारख्याला मी कायम टीएसडी सांगतो. टाइम-स्पीड-डिस्टन्स. यात फास्ट जाण्याला शून्य किंमत आहे. रोडबुक मिळतं, कुठल्या पट्ट्यात कुठला ॲव्हरेज स्पीड ठेवायचा ते दिलेलं असतं, आणि लपवलेल्या कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवायच्या ठिकाणी, तू ठरलेल्या सेकंदाला पोचायचं, उशीर झाला तर पेनल्टी आणि लवकर पोचलास तरी पेनल्टी, बऱ्याच ठिकाणी लवकरची जास्त. ३६ चा ॲव्हरेज म्हणजे सेकंदाला दहा मीटर, किलोमीटरला १०० सेकंद, आता ४१ चा काढ बघू तोंडी, खड्ड्यातून जाताना, समोर म्हशी असताना. इथे पन्नास लाखाची एसयूव्ही आणि तुझी हॅचबॅक एकाच रांगेत. जास्तीचा पैसा टाकून फार काही विकत घेता येत नाही, फार तर अंतर मोजायचा भारी ट्रिपमीटर, आणि त्यासाठी पण चांगल्या रॅल्यांमध्ये वेगळा क्लास असतो. विम्याचं मात्र यातही एंट्रीआधी कंपनीकडून लेखी विचारून घे, वर ती रिलायबिलिटी ट्रायलची ओळ वाचलीस ना.

वेगाचीच खाज असेल तर मग वन-मेक, म्हणजे सगळ्यांना आयोजकच सारख्या गाड्या देणार. आपल्याकडे ही परंपरा चांगली आहे. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन लावून सिंगल सीटर बनवल्या, फॉर्म्युला मारुती, पुढे फॉर्म्युला वनला गेलेला नारायण कार्तिकेयनसुद्धा सुरुवातीला तीच चालवायचा. मग स्विफ्टचं १.३ इंजिन लावलेली एलजीबी फॉर्म्युला ४ आली, २०१० पासून पोलो कप झाला, बाइकवाल्यांना रॉयल एनफिल्डचा जीटी कप आहे. यात फी एकदम मोठी दिसते, पोटात गोळा येतो, पण गाडी, मेकॅनिक, टायर त्यातच असतात. स्वतःची गाडी 'स्वस्तात' बनवून वर्षाच्या शेवटी बिलं जोडणारे मी बघितलेत, फरक वाटतो तेवढा नसतो.

नाशिकहून: डर्ट रेसला, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाइक रेसला, आमच्या क्लासमध्ये एक जण आहे त्याचं इंजिन शंभर टक्के इल्लीगल आहे. सगळ्यांना माहितीये, कोणी बोलत नाही. मी प्रोटेस्ट, म्हणजे आयोजकांकडे लेखी तक्रार, टाकला तर मलाच वाळीत टाकतील. काय करू?

आधी एक विचारतो, शंभर टक्के कशावरून? आवाजावरून असेल तर सोडून दे. स्क्रूटिनीत, म्हणजे गाड्यांच्या तपासणीत, उभं राहिल्यावर कळतं की ज्याच्यावर सगळ्यांचा संशय असतो त्याच्याकडे बरेचदा फक्त मागचं चेनस्प्रॉकेट दोन दात मोठं असतं, जे नियमात बसतं, आणि तो दहा किलोने हलका असतो. म्हणून आधी रूलबुक उघड, त्या क्लासला काय चालतं ते वाच. इंजिनचे बोअर, स्ट्रोक, कॅम, कार्ब्युरेटर, पोर्टिंग यातलं नेमकं काय बदललंय असा तुझा आरोप आहे हे तुला एका ओळीत लिहिता आलं पाहिजे, कारण प्रोटेस्टच्या कागदावर 'त्याची गाडी फार पळते' असं लिहून चालत नाही.

मग पद्धत. प्रोव्हिजनल रिझल्ट बोर्डावर लागला की साधारण अर्धा तास असतो, त्यात लेखी, फी भरून. इंजिन उघडायचं असेल तर वेगळं डिपॉझिट भरावं लागतं. तू खरा ठरलास तर पैसे परत, खोटा ठरलास तर गेले, आणि त्याचं इंजिन परत बांधायचा खर्चही तुझ्या डिपॉझिटमधून जाऊ शकतो. त्या इव्हेंटच्या सप्लिमेंटरी रेग्युलेशन्समध्ये, म्हणजे त्या रेसपुरत्या छापलेल्या नियमांत, हे सगळं दिलेलं असतं, दोन पानं असतात, कोणी वाचत नाही.

आता वाळीत टाकण्याचं. हे खरं आहे, टाकतात. मला यात चूक प्रोटेस्ट करणाऱ्याचीही वाटत नाही आणि गप्प बसणाऱ्यांचीही वाटत नाही, चूक आयोजकाची. ज्या रेसला चेकिंग होतच नाही तिथे चीटिंग पकडायचं काम एका स्पर्धकाच्या गळ्यात पडतं, त्याने पैसे पण भरायचे आणि शिव्या पण खायच्या. हे बरोबर नाही. प्रत्येक राउंडला पहिले तीन आणि चिठ्ठी टाकून अजून एक, अशा चार जणांची इंजिनं उघडायचीच, कोणी तक्रार करो न करो. गॅस्केटचा आणि मेकॅनिकच्या वेळेचा खर्च सगळ्यांच्या एंट्री फीत वाटून टाका. फी वाढेल म्हणून ओरडा होईल, होऊ दे. चेकिंग नसलेली स्वस्त रेस शेवटी महागच पडते, कारण तो करतो म्हणून दुसरा इंजिन बनवतो, तो बनवतो म्हणून तिसरा, आणि दोन सीझनमध्ये साध्या स्टॉक क्लासला यायला रेसिंग इंजिन लागतं.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नको. १९९५ ला टोयोटाची फॅक्टरी टीम वर्ल्ड रॅलीमध्ये पकडली गेली होती, टर्बोत जाणारी हवा मर्यादित ठेवणाऱ्या रिस्ट्रिक्टरला बाजूने हवा जाईल अशी यंत्रणा केली होती आणि ती तपासणीत उघडली की आपोआप बंद होऊन साधी दिसायची! मानलं पाहिजे, पण वर्षभराची बंदी बसली. अमेरिकेत स्पेक मियाटा म्हणून क्लास आहे, सगळ्यांच्या गाड्या माझदा मियाटा, सगळ्यांना सारखे नियम, हौशी लोकांचा लाडका क्लास. २०१४ च्या त्यांच्या नॅशनल फायनलला इंजिनच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह सीटपाशी नियमाबाहेर मशीनिंग सापडलं म्हणून पुढच्या नंबरांच्या बऱ्याच गाड्या बाद झाल्या, आणि गंमत म्हणजे ते काम इतके इंजिनवाले करत होते की पुढे नियमच बदलावा लागला. त्यामुळे 'सगळ्यांच्या गाड्या सारख्या' हे पोस्टरवर लिहिणं सोपं असतं, त्या सारख्या ठेवायला माणूस लागतो आणि त्या माणसाचा पगार लागतो.

तुला काय करायचं ते विचारलंस म्हणून. एकट्याने टाकू नकोस. क्लासमधल्या चार-पाच जणांनी मिळून आयोजकाला पुढच्या राउंडच्या आधी लेखी द्या की पहिले तीन उघडा, आमचेही उघडा. आमचेही हा शब्द महत्त्वाचा. बघ मग किती जण सही करायला तयार होतात, त्यातूनच बरंच काही कळेल.

सांगलीहून एक वडील: मुलगा ११ वर्षांचा आहे, कार्टिंगमध्ये चांगला आहे असं सगळे म्हणतात. आतापर्यंत बराच खर्च केला. आता टीम म्हणते पुढच्या सीझनला नवीन चॅसिस, म्हणजे कार्टचा सांगाडा, घ्या. घ्यावी का?

दादा, तुमच्या मुलाच्या क्लासमध्ये इंजिन सील असेल, रोटॅक्ससारख्या सिरीजमध्ये असतंच, म्हणजे ठरलेल्या सर्व्हिस सेंटरशिवाय ते कोणी उघडू शकत नाही आणि टायरही ठरलेले. हे छान आहे, त्याने इंजिनवर पैसा उधळणं बऱ्यापैकी थांबतं. पण पैसा थांबत नाही, तो बाजूला वळतो. इंजिन बंद झालं की लोक नवीन चॅसिस, सरावाचे जास्त दिवस, सरावाला पण नवीन टायर, परदेशी कोच यावर घालतात. सरावाच्या दिवसांवर कोणाचं सील नसतं. माझं तर मत झालंय की आयोजकांनी खर्च किती करा यावर बंदी घालायच्या नादी लागू नये, ती कोणी पाळत नाही, पावत्या कोण बघतो. खर्च केल्याचा फायदा मिळणार नाही असे नियम करावेत.

चॅसिसचं. आधी एक करा, मुलाला त्याच टीममधल्या दुसऱ्या, जुन्या कार्टवर एक दिवस बसवा आणि त्या पोराला तुमच्या कार्टवर. लॅप टाइम लिहून काढा. तुमचा मुलगा दुसऱ्या कार्टवर पण तेवढाच मागे असेल तर नवीन चॅसिसने काही होणार नाही, सराव हवा. टीमला ही टेस्ट आवडणार नाही. तरी सांगा.

आणि पुढचं स्पष्टच बोलतो, रागावू नका. कार्टिंगनंतर परदेशात फॉर्म्युला सिरीज चालवायची म्हणजे सीझनला कोटींमध्ये बोलावं लागतं आणि तो पैसा बहुतेक वेळा घरचाच किंवा स्पॉन्सरचा असतो, बक्षिसाचा नसतो. म्हणून करिअर, गुंतवणूक असले शब्द त्याच्यासमोर नका वापरू. ११ वर्षांच्या पोराला रेस हरल्यावर बापाच्या चेहऱ्यावर टायरचं बिल दिसतं, खरंच दिसतं, पॅडॉकमध्ये जाऊन बघा. शाळा सांभाळून, झेपेल तेवढं, त्याला मजा येतेय तोवर चालवू दे.

पिंपरीहून: तुम्ही सगळे खर्चाचं रडता. आम्ही रविवारी पहाटे ताम्हिणीत जातो, सहा-सात बाइक, रस्ता मोकळा, फुकटात रेस. यात प्रॉब्लेम काय?

मोटर वाहन कायदा, कलम १८९. पब्लिक रोडवर शर्यत, पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर एक वर्ष, दहा हजार. आणि पहाटे त्या घाटात दुधाची गाडी असते, वळणावर. हा प्रश्न छापला एवढंच पुष्कळ.

अमेरिकेतून, मिशिगन: मी मूळचा सातारचा, इथे ऑटो कंपनीत आहे. आमच्या टीमने एक भंगार गाडी घेऊन लेमन्सची रेस केली, आयुष्यात एवढा हसलो नव्हतो. आपल्याकडे असं का होत नाही?

बाकीच्यांसाठी सांगतो, ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स ही २००६ ला कॅलिफोर्नियात सुरू झालेली चक्रम रेस आहे, फ्रान्समधल्या ल मॉंच्या २४ तासांच्या रेसच्या नावाची टिंगल. नियम असा की गाडी ५०० डॉलरची पाहिजे. रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा पिंजरा), सीट, बेल्ट, ब्रेक, टायर असलं सेफ्टीचं त्यात धरत नाहीत. आता कोण मोजणार ५०० डॉलर? तर रेसच्या आधी जज लोक गाडी बघतात, तुमच्या थापा ऐकतात, आणि खोटं वाटलं तर पेनल्टी लॅप लावतात, म्हणजे रेस सुरू व्हायच्या आधीच तुम्ही तेवढ्या लॅप मागे. वर सगळ्यात मोठा मान पहिल्या आलेल्याला नाही, तर जिच्याकडून काहीच अपेक्षा नव्हती अशा भयाण गाडीने जमेल तेवढं अंतर कापलं तर तिला.

याच्याही आधीपासून फिनलंड, स्वीडनमध्ये फोकरेस चालते, आणि माझ्या मते हौशी मोटरस्पोर्टमधला सगळ्यात हुशार नियम तिथे आहे. रेस संपली की कुठलीही गाडी ठरलेल्या किमतीला दुसरा कोणीही विकत मागू शकतो आणि मालकाला द्यावीच लागते. नाही म्हणलं तर बंदी. जास्त मागणारे असले तर चिठ्ठी. बस, झालं! आता कर बघू दहा लाखाचं इंजिन, संध्याकाळी शेजारचा पोरगा ठरलेले पैसे देऊन घेऊन जाईल. स्क्रूटिनी नको, पावत्या नको, प्रोटेस्ट नको.

आपल्याकडे का नाही? एक तर जुन्या गाडीचे कागद. ट्रॅकवरच चालवायची तरी ती आरटीओच्या रेकॉर्डवर कोणाच्या नावावर राहणार, दर रेसनंतर मालक बदलला तर ट्रान्सफर कोण करत बसणार. त्यापेक्षा मोठं कारण म्हणजे केज. गाडी स्वस्त मिळते पण नियमात बसणारा रोल केज, बेल्ट, सीट यांचा खर्च भंगार गाडीच्या काही पट होतो, तिथे सेकंडहँड केज आणि सीटचा बाजार आहे, आपल्याकडे तो नाही. आणि तिसरं मनातलं. आपल्याला हसं झालेलं चालत नाही. रेसिंग म्हटलं की आपल्याला चकचकीत गाडी, स्पॉन्सरचे स्टिकर आणि फोटो पाहिजे. बाइकवर मात्र हे होऊ शकेल, जुन्या शंभर सीसीच्या बाइक, डर्ट ट्रॅक, ठरलेली विक्री किंमत. कोणी करत असेल तर मला कळवा, मी येतो झेंडा दाखवायला.

नाशिकहून अजून एक, यावेळी ताई: मी ४३ वर्षांची, नवरा चालवतो आणि मी टीएसडीला नॅव्हिगेटर. कायम मधल्या नंबरात येतो. लेडीज ट्रॉफी मिळते अधूनमधून, पण खरं सांगू, ती घ्यायला लाज वाटते, कारण क्लासमध्ये तीनच गाड्या असतात. वेगळा क्लास असावा का?

ताई, नॅव्हिगेशनला स्नायू लागत नाहीत, गणित लागतं, तेव्हा फेअरनेससाठी वेगळ्या क्लासची गरज मला तरी दिसत नाही. पण बायकांना सुरुवातीला येऊ देण्यासाठी वेगळी रॅली असणं ही दुसरी गोष्ट, मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची बायकांची रॅली टू द व्हॅली बघा, तिथे आलेल्या किती जणी एरवी कधी एंट्री फॉर्म भरायला गेल्याच नसत्या. सजवलेल्या गाड्या, आज्या, सुना, धमाल असते. तर ट्रॉफी घ्या, लाज कसली, पण तीन गाड्यांच्या क्लासची ट्रॉफी घरी टीव्हीवर ठेवायची का ते तुमचं तुम्ही ठरवा.

मधल्या नंबराबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. सगळ्यात जास्त मजा तिथेच असते. पुढचे तीन जण जेवत नाहीत, झोपत नाहीत, पेनल्टीच्या दशांशावर भांडतात. शेवटच्यांना वाटतं आपण रस्ता चुकलो. मधल्या पंधरा गाड्यांमध्ये दर राउंडला नंबर खालीवर होतात, आणि ढाब्यावर कोण कुठल्या वळणाला चुकला याच्या गप्पा तीच मंडळी मारतात. तुम्हाला वर यायचंच असेल तर एक करा, कंट्रोलच्या आधी नवऱ्याला 'हळू, हळू' म्हणायचं बंद करून सेकंद सांगा. 'चार सेकंद लवकर आहोत.' त्याला हळू म्हणलं की राग येतो, आकड्याचा येत नाही. घरीसुद्धा चालतं हे.

जुन्नरहून: आमच्या मंडळाला जत्रेनंतर मोकळ्या रानात बाइकची डर्ट रेस घ्यायची आहे. शंभर सीसीपासून चारशेपर्यंत सगळ्या येणार. क्लास पाडले तर प्रत्येकात तीन-चार जणच उरतात, नाही पाडले तर मोठ्या बाइकवालाच जिंकणार. काय करावं?

अहो तुम्ही जुन्नरचे, तुम्हाला हे मी शिकवायचं? तुमच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडे कसे पळतात? एका वेळी एक गाडा, घड्याळावर, आणि ठरलेल्या सेकंदांत जेवढे बसतात तेवढे सगळे पहिल्या नंबरात, पुढच्या सेकंदांत बसणारे दुसऱ्या नंबरात, आणि दिवसातला सगळ्यात फास्ट तो घाटाचा राजा. यात बैल कुठल्या जातीचे, केवढ्याचे हे कोणी विचारत नाही, वेळ विचारतात. तेच करा. सकाळी प्रत्येकाला एकट्याला दोन फेऱ्या टायमिंगवर द्या, त्या वेळेवरून तीन गट पाडा, दुपारी गटागटाची रेस. शंभर सीसीवाला चांगला पोरगा दोनशेवाल्या कच्च्या माणसाच्या गटात येईल आणि बघणाऱ्यांना मजा येईल.

यात एक चोर वाट आहे. हुशार लोक सकाळी मुद्दाम हळू चालवतील म्हणजे दुपारी खालच्या गटात लॉटरी. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसवाल्यांनी याला औषध शोधलंय. तिथे ब्रॅकेट रेसिंगमध्ये तुम्ही आधीच लिहून द्यायचं की माझी गाडी एवढ्या सेकंदांत जाईल, हळू गाडीला तेवढा आधी स्टार्ट मिळतो, पण स्वतः लिहून दिलेल्या वेळेपेक्षा फास्ट गेलात तर बाद. ब्रेकआउट म्हणतात त्याला. तुम्ही तसंच ठेवा, दुपारच्या रेसमध्ये कोणाचीही लॅप त्याच्या सकाळच्या वेळेपेक्षा, समजा, तीन सेकंदांहून जास्त फास्ट निघाली तर तो गटातून बाद. तीन कशाला, तर दुपारपर्यंत ट्रॅक पाठ होतो आणि माती दबते, थोडं फास्ट सगळेच जातात. आधी गावातल्या दोघांना पळवून फरक किती येतो बघा आणि मग आकडा ठरवा. स्टॉपवॉच दोन ठेवा, दोन वेगळ्या माणसांच्या हातात, आणि त्यातला एकही कोणाचा भाऊ नको.

बक्षीस सगळ्यात वरच्या गटाला जास्त आणि खाली कमी असं ठेवू नका, तिन्ही गटांना सारखं ठेवा, नाहीतर परत सगळे मोठी बाइक शोधत फिरतील. घाटाचा राजा म्हणून सगळ्यात फास्ट लॅपला फक्त ढाल आणि फेटा, पैसे नाहीत.

परवानगीचं आत्तापासून बघा, पोलीस, तहसील, ग्रामपंचायत, आणि फेडरेशनच्या, म्हणजे एफएमएससीआयच्या, एखाद्या क्लबला धरून केलंत तर मार्शल आणि विम्याचं मार्गी लागेल. दोन अँब्युलन्स सांगा, एक नाही, कारण एक पेशंट घेऊन निघाली की रेस थांबवून बसावं लागतं, आणि तेव्हा पब्लिक दोरी ओलांडून ट्रॅकवर येतं. नियम लिहिलेत की पाठवा इकडे, छापायच्या आधी बघून देतो. एका पानात बसवा मात्र, दोन पानं कोणी वाचत नाही हे वर सांगितलंच आहे.